लॉगसाठी वेगळी डिस्क

बाबांच्या ऑफिसातून 'होईल' साहेबांचा फोन आला तेव्हा थोरलीला क्षणभर वाटलं, आपण समजत होतो तितका हा माणूस वाईट नाही.

"ताई, आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "काकांची कितीतरी वर्षांची मागणी मंजूर झाली. लॉगसाठी वेगळी डिस्क! आता लॉग तिकडे हलवायचा कसा, ते पायरीपायरीने लिहून काढायचंय. निम्मं काकांनीच लिहून ठेवलंय, उरलेलं तुम्ही पुरं करा. तुमचं तर कामच ते. आणि कागद काकांच्या नावानेच काढू. आदरांजली म्हणून."

थोरली "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की ते म्हणताना आपला आवाज भरून आला होता. त्या भरून आलेल्या आवाजाचा तिला पुढे फार राग आला.

होईल साहेब हे त्यांचं कर्मचाऱ्यांनी ठेवलेलं नाव. अनेक रुग्णालयांना रक्त पुरवणाऱ्या एका केंद्राचे ते प्रमुख होते, आणि कुणीही काहीही मागायला गेलं की "होईल, होईल" म्हणून त्याला दारापर्यंत सोडायला येत. थोरलीचे बाबा, म्हणजे केंद्रातले 'काका', त्याच केंद्राचा डेटाबेस सांभाळत. कुठल्या गटाची पिशवी कुठे आहे, कुणासाठी राखून ठेवलीय, कुठली तपासणीत बाद झालीय, हे सगळं त्या डेटाबेसमध्ये. संध्याकाळी घरी आले की बाबा बूट काढता काढता सांगत, "आज पुन्हा डिस्कचं विचारलं. होईल म्हणाले." त्यावर आई आतून ओरडे, "मग आता काय, झालंच समजा!"

बाबांची मागणी काही चैनीची नव्हती. डेटाबेसमध्ये कुठलाही बदल करण्याआधी यंत्र तो बदल लॉगमध्ये लिहून ठेवतं. अमुक पिशवी तमुक रुग्णाला दिली, हे आधी लॉगमध्ये, मग मूळ नोंदीत. मध्येच वीज गेली, तर यंत्र पुन्हा उठल्यावर लॉग वाचतं आणि अर्धवट राहिलेलं पुरं करतं. केंद्राची रोज एक प्रत काढलेली असे. मूळ डिस्क मेली तरी ती प्रत आणि तिच्यानंतरचा लॉग जोडून सगळं जसंच्या तसं उभं करता येतं. मात्र त्यासाठी लॉग जिवंत राहायला हवा. केंद्रात तो मूळ नोंदींच्याच डिस्कवर होता. ती डिस्क गेली की दोन्ही गेलं, आणि प्रत काढल्यानंतर दिलेल्या पिशव्या दिल्याच नव्हत्या असं यंत्र बेधडक सांगणार. बाबांना झोपेतून उठवायची ती ही गोष्ट.

शेवटच्या आजारपणात बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हाही केंद्रातून फोन आला होता. डिस्क भरत आलीय, काकांना विचारता का, कुठल्या फाइल उडवू? थोरली काचेबाहेर उभी होती. तिने फोन कापायला हवा होता. पण बाबांनी काचेतून पाहिलं, खुणेने विचारलं, आणि नर्सच्या हातापाया पडून लेकीला आत बोलावलं. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "लॉगला हात लावू नका म्हणावं." हे काही त्यांचे अखेरचे शब्द नव्हते. त्यानंतर ते उशीवरून बरंच भांडले. पण त्या दिवशी त्यांचा श्वास इतका तोकडा होता की नऊ शब्द बोलायचे तर नऊ वेळा थांबावं लागे, आणि त्यातले पाच त्यांनी त्या डिस्कवर खर्च केले.

तर थोरली केंद्रात गेली.

बाबांच्या जागी आता जावई बसत होता. तो कुणाचाही जावई नव्हता. चांगला पन्नाशीचा, कंत्राटावर आलेला माणूस होता. पण आल्याआल्या त्याने खुर्ची बदलून मागितली, मग खिडकीजवळची जागा मागितली, मग खिडकीतून ऊन येतं म्हणून पडदा मागितला. शिवाय सांगितल्याखेरीज तो इकडची काडी तिकडे करत नसे. नाव पडायला एवढं पुरलं.

"बसा ताई," तो म्हणाला. "काकांचं लिखाण इथे आहे. मी काही वाचलेलं नाही. वाचा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं."

थोरलीचा पोटापाण्याचा धंदा पुस्तिका लिहिण्याचा. पाण्याचे पंप, शिवणयंत्रं, साखर तपासायची यंत्रं. खोक्यात यंत्रावर ठेवलेली जी कागदाची घडी लोक न वाचता फेकून देतात, ती लिहिणं तिचं काम. हा धंदा तिला बाबांनीच लावला होता, न सांगता. बाबांची एक पद्धत होती. कुठलीही कृती लिहिली की एकाने ती मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने फक्त ऐकलेलं करायचं. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. करणाऱ्याला एक जरी प्रश्न विचारावासा वाटला, तर ते वाक्य नापास, वाचणाऱ्याने ते पुन्हा लिहायचं. घरी करणारी म्हणून बहुतेक वेळा आई असे. "ह्यांनी मला लग्न करून आणलं ते टेस्टिंगसाठी," असं ती पाहुण्यांना सांगे.

केंद्राच्या नियमातही ही पद्धत बाबांनी घुसवली होती. अशा प्रत्येक कागदावर लिहिणाऱ्याची आणि करून पाहणाऱ्याची, दोघांच्या सह्या लागत. त्याशिवाय वर्षाची तपासणी करणारे लोक कागद ग्राह्य धरत नसत.

"तुम्ही करणारे," थोरली जावयाला म्हणाली. "मी वाचते. जेवढं वाचीन तेवढंच करायचं."

"एरवी मी दुसरं काय करतो?" जावई म्हणाला.

आणि खरंच, असा करणारा बाबांनाही कधी मिळाला नसेल. चाचणीच्या सर्व्हरवर त्यांनी सुरुवात केली. डेटाबेस नीट बंद करा, बटण दाबून मारू नका. लॉगचा फोल्डर नव्या जागी कॉपी करा. नव्या फोल्डरची मालकी डेटाबेसच्याच नावावर आहे ना ते बघा. जुना फोल्डर उडवू नका, त्याचं नाव बदलून बाजूला ठेवा. जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारी लिंक करा. डेटाबेस सुरू करा. एक खोटी पिशवी नोंदवून बघा.

"कुठल्या गटाची?" जावयाने विचारलं.

वाक्य नापास. थोरलीने "कुठल्याही गटाची" असं घातलं.

"खोटी आहे हे नंतर कोण पुसणार?"

पुन्हा नापास. तिने पुसण्याची पायरी घातली. मास्क काढून बोललेल्या माणसाची वाक्यं ती दुरुस्त करत होती, आणि किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं. बाबा असते तर या माणसाला त्यांनी घरी जेवायला नेलं असतं.

मग ते सुरुवातीच्या एका ओळीकडे परत आले. ती घाईत ओलांडली गेली होती. थोरलीने वाचलं, "नवीन जागा स्वतंत्र डिस्कवर असल्याची खात्री करून घेण्यात यावी."

जावयाने हात कळफलकावर ठेवले आणि तसेच ठेवून दिले.

"कशी?" तो म्हणाला.

थोरलीने ओळ पुन्हा वाचली. ही बाबांची नव्हती. बाबा "खात्री करा" असं कधी लिहीत नसत. खात्री काय टाच आपटून होते का, म्हणायचे. काय बघायचं ते लिही, काय दिसलं तर पुढे जायचं ते लिही, काय दिसलं तर थांबायचं तेही लिही. ही ओळ नंतर कुणीतरी मध्ये कोंबली होती.

तिने ती खोडून नवी लिहिली आणि वाचून दाखवली. "डेटाबेस बंद करण्याआधी खऱ्या सर्व्हरवर डिस्कांची यादी मागवा. यादीत नोंदींची जागा शोधा, ती कुठल्या डिस्कखाली आहे ते बघा. मग लॉगची नवी जागा शोधा, ती कुठल्या डिस्कखाली आहे ते बघा. दोन्ही एकाच डिस्कखाली दिसल्या तर थांबा. पुढची कुठलीही पायरी करू नका."

यात फक्त बघायचं होतं, बिघडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जावयाने ते खऱ्या सर्व्हरवरच केलं. पडद्यावर चार ओळी उमटल्या.

"थांबलो," तो म्हणाला.

"का?"

"तुम्हीच सांगितलंत."

थोरली उठून त्याच्या खांद्यावरून बघायला गेली. यादीत डिस्क एकच होती. तिच्याखाली दोन भाग, वरच्यात नोंदी, खालच्यात लॉगसाठी आखून ठेवलेली रिकामी जागा. एका खोलीत पडदा टांगून दोन बिऱ्हाडं म्हणावीत, तसं.

"नवी डिस्क कुठे आहे?"

"आली होती की. मीच खोक्यातून काढली." जावयाने नाक पुसलं. "ती नव्या इमारतीच्या कॅमेऱ्यांना लावली. चित्रणाला जागा पुरत नव्हती. मग साहेब म्हणाले, आहे त्याच डिस्कचा एक तुकडा लॉगसाठी वेगळा काढ. काढला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. काकांच्या घरच्या तुम्ही."

थोरलीने पर्स उचलली, आणि ती कुठे निघाली हे जावयाने विचारलं नाही.

होईल साहेबांच्या खोलीला चारही बाजूंनी काच होती, त्यामुळे आत कोण कुणावर चिडलंय ते सगळ्या मजल्याला दिसे. त्यांनी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. आईची चौकशी केली. पाणी मागवलं.

"डिस्क कॅमेऱ्यांना लावलीत," थोरली म्हणाली.

"तात्पुरती हो. पुढच्या खेपेला दुसरी येईल. होईल ते."

"मग पुढच्या खेपेला लॉग हलवू. आत्ता कशाला?"

"तपासणी आहे ना ताई. गेल्या वेळी त्यांनी शेरा मारला होता, लॉग वेगळा नाही म्हणून. आता जागा वेगळी आहे. नाव वेगळं, भाग वेगळा. कागदावर बघाल तर अगदी वेगळीच आहे."

"आणि डिस्क मेली तर?"

"अहो, इतकी वर्षं कुठे मेली?"

इतकी वर्षं ती का मेली नाही, हे थोरलीला ठाऊक होतं. एक माणूस सकाळी घराबाहेर पडण्याआधी तिची तब्येत बघत असे, लेकीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधीही बघत असे, आणि ती कुरकुरायला लागली की नवी बसेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. हे सांगून उपयोग नव्हता. समोरच्या चेहऱ्यावर ते ऐकून घेण्याची सगळी तयारी दिसत होती. ऐकून घेऊन ते दारापर्यंत सोडायला आले असते.

"पिशवी एकाला दिलीय आणि यंत्र म्हणतंय ती अजून शिल्लक आहे," ती म्हणाली. "ऑपरेशन चालू आहे, माणूस टेबलावर आहे, पिशवी आणायला गेलेला रिकाम्या फडताळासमोर उभा आहे. हे कुणाला सांगणार? कागदावर वेगळी होती म्हणून?"

"तुम्ही फार टोकाचं बघता."

"तुम्ही बघत नाही म्हणून."

साहेब हसले. मग अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "ताई, हा कागद काकांच्या नावाने निघणार आहे. वरती त्यांचं नाव, खाली दोन ओळी त्यांच्या सेवेबद्दल. मी स्वतः लिहिल्यात. अशा कागदात 'थांबा' वगैरे बरं दिसतं का?"

आणि त्या क्षणी थोरलीला आदरांजलीचा अर्थ कळला. उद्या डिस्क गेली, पिशव्यांचा घोळ झाला, चौकशी बसली, तर लोक कागद काढणार, आणि कागदावर लिहिलेलं असणार की लॉग स्वतंत्र डिस्कवर आहे, आणि वर नाव अशा माणसाचं, ज्याला बोलावून विचारता येत नाही. जन्मभर मागणी नाकारली, आणि ज्याची नाकारली त्यालाच मेल्यावर जामीन ठेवायचं. तिने समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"ओळ राहील," ती म्हणाली. "नाहीतर माझी सही नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. तपासणी तोंडावर आली होती, आणि दुसरा लिहिणारा कुठून आणायचा?

"ठीक आहे. ठेवा ओळ. तसंही कोण वाचतंय?" ते म्हणाले. "मग काकांचं नाव मात्र ठेवता येणार नाही. तक्रारीच्या कागदावर गेलेल्या माणसाचं नाव शोभत नाही. तुम्हीच ठरवा. घाई नाही."

घाई नाही म्हणताना ते उठून दाराकडे निघाले होते.

घरी आई लसूण सोलत बसली होती. बाबांचं नाव कागदावर छापून येणार हे तिने मावशीला सांगून झालं होतं, शेजारणीला सांगून झालं होतं, आणि चौकटीसाठी भिंतीवरची जागासुद्धा पुसून ठेवली होती. थोरलीने सगळं सांगितलं. सांगताना ती आईकडे बघत नव्हती, लसणाकडे बघत होती.

"म्हणजे नाव घातलं तर ती ओळ जाणार," आई म्हणाली.

"हो."

"आणि ओळ ठेवली तर नाव जाणार."

"हो."

"ह्याच्या बापाचं काय जातंय नाव घालायला?"

"आई."

"काय आई? खरं तेच बोलते. जिवंतपणी माणसाला एक डिस्क दिली नाही मेल्याने, आणि आता त्याचं नाव द्यायला निघालाय, ते पण अदलाबदलीत! बाजार आहे का हा?" आईने सालं मुठीत धरून ताटलीत आपटली. "आजारी माणसाला फोन केला होता ना ह्याच्याच लोकांनी? मी तेव्हाच म्हणणार होते. तू म्हणालीस, जाऊ दे."

"चुकलं माझं."

"तुझं काही चुकलं नाही. तुला आपलं बरं बोलायची खोड आहे, बापासारखी." आईने पदर डोळ्याला लावला आणि ताबडतोब झटकला, जणू तिला लसूणच झोंबला होता. "मावशीला काय सांगू मी आता?"

"काय सांगशील?"

"सांगेन की त्यांचं नाव घालण्याइतका कागद खरा नव्हता. तिला कळणार नाही. तिला कधी काय कळलंय?"

थोरलीने त्याच बैठकीत लॅपटॉप उघडला. वरचं नाव तिनेच घातलं होतं, ठळक अक्षरात, मधोमध, फोन आला त्याच दिवशी, कोऱ्या पानावर. ती बराच वेळ ते बघत राहिली. मग एकेक अक्षर करत ते पुसलं आणि त्या जागी स्वतःचं घातलं. साहेबांनी पाठवलेल्या सेवेबद्दलच्या दोन ओळी मात्र तिने निवडून एका फटक्यात उडवल्या. 'थांबा'ची पायरी तिने पहिल्या क्रमांकावर नेली.

लॉग हलवण्याचं काम रविवारी सकाळी ठरलं होतं. थोरलीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आणि आई गाद्या उन्हात टाकत होत्या तेव्हा फोन वाजला. हात गुंतलेले होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई," जावई म्हणाला, "मी पहिल्या पायरीवर आहे."

"मग?"

"दोन्ही जागा एकाच डिस्कखाली दिसतायत."

"कागदात काय लिहिलंय?"

"थांबा, असं लिहिलंय. म्हणून मी थांबलोय. पण साहेब मागे उभे आहेत, ते म्हणतायत पुढे जा."

मागून कुजबुज ऐकू आली, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि होईल साहेबांचा आवाज आला. सकाळच्या त्या वेळीही तो गोडच होता. "ताई, ह्यांना जरा सांगा ना. डेटाबेस अजून चालू आहे, काही झालेलं नाही. रुग्णालयांना आपण सांगून ठेवलंय, सगळे ताटकळलेत. एक छोटीशी ओळ आहे."

"वाचलीत का तुम्ही ती?" थोरलीने विचारलं.

"ह्यांनी वाचून दाखवली. मोठ्याने. इथे सगळा स्टाफ उभा आहे हो."

"मग सगळ्यांनाच माहीत झालं."

"तुम्ही फक्त 'चालेल' म्हणा. एवढा एकच शब्द. मग मी बघतो."

आईने हातातली गादी कठड्यावर टाकली आणि फोनच्या इतक्या जवळ आली की थोरलीला वाटलं, आता ही काय बोलतेय कोण जाणे. पण आईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती लेकीकडे बघत होती, आधी कधी न बघितल्यासारखी.

"चालणार नाही," थोरली म्हणाली. "कॅमेऱ्यांची डिस्क काढून आणा आणि सर्व्हरला लावा. मग पहिली पायरी पुन्हा करा. दोन डिस्क दिसल्या की दुसरी."

"अहो पण कॅमेरे बंद पडतील."

"पडू देत."

"मी ह्यांना आदेश देऊ शकतो, ताई." गोडवा पहिल्यांदाच जरा उतरला होता.

लांबून जावयाचा आवाज आला. तो चिडलेला नव्हता, शूरही वाटत नव्हता, सर्दी झालेल्या माणसाने साधी अडचण सांगावी तसा तो म्हणाला, "आदेश द्या की, साहेब. पण लिहून द्या, तुमच्या सहीनं. ह्या कागदावर माझी सही आहे, आणि त्यात थांबा लिहिलंय."

पलीकडे एक खुर्ची सरकली. मग दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला.

"गेले," जावई म्हणाला.

"कुठे?"

"विचारलं नाही. कॅमेऱ्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते, आणि गेले त्याच बाजूला. काय माहीत." तो शिंकला. "आता मी काय करू, ताई?"

थोरलीचा राग तेवढाच होता, काडीनेही कमी झाला नव्हता. डिस्क आली तरी ती उशिरा आलेली असणार होती, मागणाऱ्या माणसाच्या पश्चात, कॅमेऱ्यांचं उष्टं म्हणून. तिने गादीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काही करू नका," ती म्हणाली. "डिस्क दिसेपर्यंत बसून राहा."

"बसतो," जावई म्हणाला.